आधी पत्ता, मग नोकरी, मग घर: नव्या देशात पाय रोवताना

नव्या देशात राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक विचित्र गुंता समोर येतो. घरमालक म्हणतो, गेल्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा दाखवा. नोकरी देणारे विचारतात, इथला पत्ता आणि बँक खातं आहे का? बँक म्हणते, आधी पत्त्याचा पुरावा आणा. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि आपण मध्ये बॅगा घेऊन उभे असतो.

मी स्वतः या गुंत्यात अडकले होते, आणि नंतरच्या वर्षांत बऱ्याच जणांना त्यातून बाहेर पडताना जवळून पाहिलं. जे लवकर मार्गी लागले त्या सगळ्यांनी घराचे दोन भाग केले होते. आधी डोकं टेकायला आणि पत्ता दाखवायला एक तात्पुरती जागा. खरं घर नोकरी लागल्यावर. उतरल्या उतरल्या वर्षभराच्या करारावर सही करणारे मात्र पुष्कळदा फसतात. नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला लागते, नाहीतर दुसऱ्याच शहरात, आणि करार मोडायचा म्हणजे भुर्दंड. म्हणून पुढचं सगळं याच क्रमाने सांगते.

निघण्याआधी

जी कागदपत्रं मागे राहतात ती नंतर मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. पदवी, गुणपत्रिका, जन्म आणि विवाहाचे दाखले, वाहन परवाना, लसीकरणाच्या नोंदी, सगळं मूळ स्वरूपात सोबत ठेवा आणि स्कॅन करून दोन ठिकाणी साठवा. जायचा देश १९६१ च्या हेग करारात असेल, तर दाखल्यांवर अपॉस्टिल, म्हणजे दाखला अस्सल असल्याचा अधिकृत शिक्का, लागू शकतं. हा शिक्का ज्या देशाने दाखला दिला तिथेच मिळतो, त्यामुळे ते काम निघण्याआधीच उरकून घ्या.

नावाचं बघा. पासपोर्टवर एक स्पेलिंग, पदवीवर दुसरं, लग्नानंतरचं आडनाव तिसरं, असं असेल तर परक्या देशातला कारकून ती तीन वेगळी माणसं समजतो. फरक समजावणारं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

आणखी दोन पत्रं मागून घ्या. एक शेवटच्या नोकरीतून, ज्यात नुसता हुद्दा आणि तारखा नसाव्यात. आठवड्याला किती तास काम होतं आणि नेमकं काय काम करत होता तेही लिहिलेलं असावं. दुसरं आधीच्या घरमालकाकडून, की हे भाडं वेळेवर देत होते आणि घर नीट ठेवलं होतं. हे दुसरं पत्र मागायचं कोणाला सुचत नाही. नव्या देशात आपला कसलाच इतिहास नसतो तेव्हा अशी चार ओळींची चिठ्ठीही मोलाची ठरते.

तुमचा व्यवसाय परवान्याचा असेल, म्हणजे डॉक्टर, नर्स, वकील, शिक्षक, इलेक्ट्रिशियन असा, तर नुसती पदवी चालणार नाही. त्या देशातली, आणि कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी त्या प्रांतातली किंवा राज्यातली, परवाना देणारी संस्था शोधा आणि अर्ज घरूनच सुरू करा. याला महिने लागतात. जर्मनीत परदेशी पदव्यांची मान्यता ‘अनाबिन’ या सरकारी माहितीसाठ्यात आधी पाहता येते. कॅनडात शैक्षणिक पात्रतेचं मूल्यमापन ठरावीक मान्यताप्राप्त संस्थाच करतात, त्यामुळे दुसऱ्या कोणाला त्यासाठी पैसे देऊ नका.

पैशांचा हिशेब साधा ठेवा. तीन महिन्यांचा खर्च, शिवाय खऱ्या घराचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं. एवढी रक्कम हाताशी नसेल तर जाण्याची तारीख पुढे ढकलता येते का ते पाहा, असं मी अगदी मनापासून सुचवेन. गाठीला पैसे नसले की माणूस वाईट नोकरी आणि वाईट घर दोन्ही स्वीकारतो.

पहिली जागा

चार ते सहा आठवड्यांसाठी जागा घ्या. एखादी खोली, पोटभाड्याची जागा, होस्टेल, ओळखीच्यांचं घर, काहीही चालेल. बुक करण्याआधी मात्र एक प्रश्न लेखी विचारा: या पत्त्यावर माझी अधिकृत नोंदणी होईल का आणि माझ्या नावाची पत्रं इथे येतील का?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण सगळं त्यावर अडतं. जर्मनीत राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा फॉर्म लागतो. पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी जागा देणारे पुष्कळ जण तो फॉर्म देत नाहीत. मी आधी विचारून फॉर्म मिळवला, नोंदणी केली आणि कर क्रमांकाच्या पत्राची वाट पाहत बसले. पत्र येईना. चौकशी केली तर कळलं की ते आलं होतं आणि परतही गेलं होतं, कारण खाली दारातल्या पत्रपेटीवर माझं आडनाव नव्हतं. तिथे पोस्टमन खोली क्रमांक बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. त्या संध्याकाळी मी कागदाची पट्टी कापली, मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं आणि चिकटपट्टीने पेटीवर लावली. पुढचं पत्र व्यवस्थित हातात पडलं. दोन आठवडे गेले ते गेलेच.

जागा शहराच्या मध्यात नसली तरी चालेल, बस किंवा रेल्वेच्या मुख्य मार्गावर मात्र असावी. या काळात रोज कुठे ना कुठे जावं लागतं.

नातेवाईक किंवा मित्राकडे उतरणार असाल तर जायची तारीख आधीच सांगून टाका आणि खर्चात वाटा द्या. ‘बघू, नोकरी लागली की जाईन’ हे वाक्य चांगल्या नात्यांनाही जड जातं.

कागदांची साखळी

पत्ता झाला की काम करण्यासाठीचा किंवा कराचा क्रमांक, मग बँक खातं. स्थानिक फोन नंबर मात्र पहिल्याच दिवशी घ्या. परदेशी नंबरवर फोन करायला नोकरी देणारे कचरतात. काम करण्यासाठीचा किंवा कराचा क्रमांक म्हणजे कॅनडात सोशल इन्शुरन्स नंबर, ऑस्ट्रेलियात टॅक्स फाइल नंबर, अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नंबर, ब्रिटनमध्ये नॅशनल इन्शुरन्स नंबर. हे सरकारकडून मोफत मिळतात. ‘लवकर काढून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांकडे जाऊच नका. ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क सिद्ध करता येत असेल तर क्रमांक हातात येण्याआधीही नोकरी सुरू करता येते. ही गोष्ट माहीत नसल्याने कित्येक जण उगाच थांबून राहतात.

हा क्रमांक म्हणजे तिजोरीची किल्ली समजा. तो बायोडेटात लिहू नका, नोकरीच्या पहिल्या फोनवर सांगू नका. नेमणूक पक्की झाल्यावर मालकाला द्यायचा असतो. कॅनडात घरमालक तो मागतात, पण देणं बंधनकारक नाही.

इथेच आपल्या व्हिसाच्या अटी शांतपणे वाचून काढा. विद्यार्थ्यांना विशेष जपावं लागतं. ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास, ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला साधारणपणे आठवड्याला २० तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस, अशा मर्यादा आहेत. नियम बदलतात, म्हणून सरकारी पानावर ताजी अट बघा. ‘वरचे तास रोख देतो’ म्हणणारा मालक तुमचं भलं करत नसतो. पकडले गेलात तर त्याला दंड होईल, तुमचा मात्र व्हिसा जाईल.

नोकरी

सगळ्यात जास्त उमेद खचते ती इथे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बायोडेटापासून सुरुवात करू. आपल्याकडे चालणारा चार पानी बायोडेटा बाजूला ठेवा. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव यातलं काहीही लिहायचं नसतं. एक किंवा दोन पानं पुरतात. प्रत्येक नोकरीखाली तुम्ही काय बदल घडवला ते लिहा. ‘गोदामाची जबाबदारी होती’ यातून काही कळत नाही. ‘बारा माणसांची पाळी सांभाळली आणि माल चढवायचा वेळ निम्म्यावर आणला’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला काम दिसतं. तुमची आधीची कंपनी तिथे कोणाला माहीत नसेल, म्हणून ती काय करते हे एका ओळीत सांगा. जाहिरातीत ज्या शब्दांत काम वर्णन केलंय तेच शब्द, खरे असतील तिथे, वापरा. तुमच्या हुद्द्याला त्या देशात कदाचित दुसरंच नाव असेल. ते शोधून काढण्यात एक दुपार घालवा, कारण चुकीच्या नावाने शोधलं तर जाहिरातीच दिसत नाहीत.

मग माणसं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की ती ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची. वारंवार भेटायची असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांची गाठ अधूनमधून किंवा क्वचितच पडायची. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीकडून येते. नवे लोक नेमकं उलट करतात. आपल्याच भाषेच्या पाचसहा घरांत फिरत राहतात, आणि त्या सगळ्यांना त्याच दोन कंपन्या माहीत असतात. त्या घरांचा आधार घ्याच, पण आठवड्यातून दोनदा तरी त्या वर्तुळाबाहेरच्या माणसाशी बोला: भाषेच्या वर्गातले, वाचनालयातले, मुलांच्या शाळेच्या दारातले, तुमच्या व्यवसायाच्या स्थानिक संघटनेतले.

बोलताना नोकरी मागू नका. नोकरी मागितली की समोरचा अवघडतो, त्याच्या हातात बहुधा काही नसतं. त्याऐवजी पंधरा मिनिटं मागा आणि तीन प्रश्न विचारा: इथे या कामाला माणसं कशी घेतात, माझ्या बायोडेटात तुम्हाला काय खटकतं, आणि आणखी कोणाशी बोलू? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून पुढचं दार उघडतं. भेटीनंतर त्याच दिवशी आभाराच्या दोन ओळी पाठवा.

सरकारी मदत आहे, तीही घ्या. कॅनडात कायमचे रहिवासी म्हणून आलेल्यांसाठी भाषेचे वर्ग, बायोडेटा तपासणं, मुलाखतीचा सराव हे सगळं सरकारी पैशातून मोफत चालतं. जर्मनीत रोजगार कार्यालय सल्ला देतं. अशा कार्यालयात जायला आपल्या माणसांना संकोच वाटतो, जणू काही दान घेतोय. तसं अजिबात नाही. ती सेवा नव्यांसाठीच उभी केलेली असते.

पोटापुरतं मिळेल ते काम धरावं का? मिळत असेल तर धरा, पण मर्यादा घालून. स्थानिक पगाराची नोंद तयार होते, बोलण्याचा सराव होतो, पुढे संदर्भ द्यायला एक माणूस मिळतो, आणि रिकाम्या घरात दिवसभर फोनकडे बघत बसण्यापेक्षा मन ताळ्यावर राहतं. मात्र पाळी अशी निवडा की कार्यालयीन वेळेतले काही तास मोकळे राहतील, कारण मुलाखतीचे फोन तेव्हाच येतात. आपल्या खऱ्या कामासाठी आठवड्याला किती अर्ज आणि किती भेटी करायच्या हे कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. मी हुशार इंजिनिअर माणसं पाहिली आहेत जी ‘दोन महिने’ म्हणून गोदामात लागली आणि थकव्यामुळे दोन वर्षं एकही अर्ज करू शकली नाहीत.

आता फसवणुकीचं. नोकरी मिळवून देण्यासाठी तुमच्याकडून पैसे घेणं हे पहिलं धोक्याचं चिन्ह. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ सालचा १८१ क्रमांकाचा करार सांगतो की खाजगी एजन्सींनी कामगाराकडून फी घेऊ नये. फार थोडे अपवाद त्यात आहेत. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, तरी पारख करायला हा निकष उत्तम आहे. दुसरं चिन्ह: मुलाखत फक्त चॅटवर, नेमणूक एका दिवसात, मग तुमच्या नावे चेक येतो आणि ‘यातून सामानाचे पैसे अमुक खात्यात पाठवा’ असा निरोप येतो. तो चेक काही दिवसांनी परत जातो आणि पाठवलेले पैसे तुमच्या खिशातून जातात. तिसरं: मालक पासपोर्ट ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ मागतो. तपासायला दाखवा, प्रत द्या; ठेवायला देऊ नका.

काम सुरू झालं की पहिल्या दिवसापासून आपले तास स्वतःच्या वहीत लिहा आणि पगाराची स्लिप मागा. ऑस्ट्रेलियात पगार झाल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात ती द्यावीच लागते. शिवाय घर शोधायला निघाल्यावर याच स्लिपा कामाला येतात.

खरं घर

आधी भाड्याचा अर्थ समजून घ्या. जर्मनीत जाहिरातीत ‘थंड भाडं’ आणि ‘उबदार भाडं’ असे दोन आकडे असतात. पहिल्यात गरम करण्याचा आणि इमारतीचा खर्च धरलेला नसतो. तिथे पुष्कळ घरं स्वयंपाकघराच्या ओट्याशिवाय मिळतात, आधीचा भाडेकरू तो उचलून नेतो. ऑस्ट्रेलियात भाडं आठवड्याचं सांगतात. त्याला चारने गुणून महिन्याचा हिशेब केलात तर वर्षातले चार आठवडे हिशेबातून गळतात. ५२ ने गुणा आणि १२ ने भागा.

घर स्वतः किंवा भरवशाच्या माणसाने आतून पाहिल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका. या नियमाला मी कोणताच अपवाद ठेवत नाही. मलाही एकदा सुंदर जाहिरात दिसली होती. फोटोत स्वच्छ खोली, बाजारभावापेक्षा बरंच कमी भाडं. मालकाने लिहिलं की तो कामानिमित्त परदेशी आहे, डिपॉझिट मिळालं की किल्ली कुरिअरने पाठवेल. करारनामा शिक्क्यासकट आला, सोबत एका ओळखपत्राची प्रतही. मी दिवसभर काम करून थकले होते, पैसे पाठवायच्या पानापर्यंत पोचले होते. केवळ बस त्याच रस्त्याने जात होती म्हणून उतरले आणि त्या पत्त्यावर बेल वाजवली. एका आजींनी दार उघडलं. त्या तिथे कित्येक वर्षं राहत होत्या आणि गेल्या काही दिवसांत बेल वाजवणारी मी तिसरी होते.

डिपॉझिटची कायदेशीर मर्यादा आधी वाचून जा, म्हणजे कोणी जास्त मागितलं तर लगेच कळतं. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्यानुसार सर्वसाधारण घरांना पाच आठवड्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट घेता येतं, आणि घरमालकाने ते ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत नोंदवावं लागतं. जर्मनीत कमाल तीन महिन्यांचं ‘थंड भाडं’, तेही तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. कॅनडात प्रांताप्रमाणे फरक पडतो: ऑंटारियोत फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ मागता येतं, मोडतोडीसाठी वेगळं डिपॉझिट घेता येत नाही. ऑस्ट्रेलियात डिपॉझिट राज्याच्या सरकारी यंत्रणेकडे जमा होतं. नोंदणीची पावती तुमच्या हातात आली पाहिजे.

क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्ज आणि बिलं वेळेवर फेडल्याची त्या देशातली नोंद, नाही ही तक्रार प्रत्येक जण करतो. त्यावर उपाय म्हणजे एक नीटनेटकी फाईल: नेमणूकपत्र, असतील तेवढ्या सॅलरी स्लिपा, बँकेतली शिल्लक, जुन्या घरमालकाचं पत्र, सध्याच्या तात्पुरत्या जागेच्या मालकाचं पत्र, व्हिसाची प्रत, आणि वर एक पान जिथे तुम्ही कोण, किती जण राहणार, कधीपासून हवं, हे साध्या शब्दांत लिहिलंय. घर बघायला जाताना ती सोबत न्या. चांगल्या घराला दहा जण येतात, आणि ‘उद्या पाठवतो’ म्हणणाऱ्याला मालक विसरून जातो. मोठ्या कंपन्यांच्या इमारतींपेक्षा एकट्या-दुकट्या घरमालकाकडे नव्या माणसाचं लवकर जमतं, कारण तो समोर बघून निर्णय घेऊ शकतो. क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून वर्षभराचं भाडं आगाऊ देऊ करू नका. घरात काही बिघडलं तर तुमच्या हातात मग काहीच उरत नाही.

पाहायला जाल तेव्हा नळ सोडा, पाण्याचा दाब बघा, खिडक्या उघडून लावा, भिंतीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे ओल आहे का ते हात लावून पाहा. फोनला रेंज आहे का बघा. जमलं तर संध्याकाळी कामावरून यायच्या वेळेला पुन्हा एकदा त्या रस्त्याने चालून या.

करार संपूर्ण वाचा. भाषा कळत नसेल तर भाडेकरूंच्या सल्ला केंद्रात किंवा वाचनालयातल्या मदतकक्षात घेऊन जा. ‘आत्ताच सही करा’ म्हणणाऱ्याकडून एक दिवस मागून घ्या. सोडायची नोटीस किती दिवसांची, दुरुस्ती कोणाची, भाडं कधी आणि किती वाढू शकतं, हे तीन मुद्दे सापडलेच पाहिजेत. पोटभाड्याने घेत असाल तर मूळ मालकाची परवानगी लेखी बघा, नाहीतर उद्या दोघांनाही बाहेर पडावं लागेल.

किल्ली मिळाली की सामान आत नेण्याआधी सगळ्या घराचा सलग व्हिडिओ काढा. प्रत्येक ओरखडा, डाग, सैल कडी, मीटरचे आकडे टिपा आणि तो त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवा. जाताना डिपॉझिटवरून वाद झाला तर तारखेसकटचा हा ईमेलच बोलतो.

मग त्याच आठवड्यात पत्ता बदलून घ्या: बँक, नोकरीची जागा, कर विभाग, डॉक्टर, आणि न विसरता इमिग्रेशन विभाग. अमेरिकेत बहुतेक परदेशी नागरिकांना नवा पत्ता दहा दिवसांत कळवावा लागतो. जर्मनीत दोन आठवड्यांची नोंदणी पुन्हा करायची असते. पत्रपेटीवर नाव लावा. आणि तात्पुरत्या जागेच्या मालकाला नवा पत्ता आणि फोन देऊन ठेवा. जुन्या पत्त्यावर निघालेलं एखादं सरकारी पत्र पुढचे दोन-तीन महिने तिकडेच येत राहतं.